फडाच्या पाटीवर आईचं नाव

 

आपल्या गावात चांगदेव महाराजांची समाधी आहे. त्यांची कथा तुम्हाला कुणी नव्यानं सांगायला नको. चौदाशे वर्षांचं आयुष्य, वाघावर स्वारी, हातात सापाचा चाबूक, आणि एवढ्या मोठ्या योग्यानं शेवटी गुरू कुणाला केलं, तर लहानग्या मुक्ताबाईला. बाईकडून शिकण्यात कमीपणा नसतो, ही गोष्ट आपल्या गावच्या मातीतच आहे. आज मी आपल्याच जिल्ह्यातल्या एका बाईची गोष्ट सांगणार आहे. तिच्या हाताखाली कितीतरी कलावंत घडले. पण तिचा खेळ बघायची मुभा आपल्या आया-आज्यांना फारशी नव्हती. जत्रेत तंबू पडायचा, ढोलकीचा आवाज घरापर्यंत यायचा, पुरुष माणसं बघायला जायची, आणि बाया घरात अंथरुणावर पडून कान देऊन ऐकायच्या. त्या तंबूच्या दारावर जी नावं असायची, त्यातलं एक मोठं नाव म्हणजे कांताबाई सातारकर. राहणार संगमनेर.

पुणतांब्याहून शिर्डी, लोणी करत संगमनेरला गेलं आणि तिथून पुण्याचा रस्ता धरला, की थोड्याच अंतरावर हिवरगाव पावसा लागतं. मग चंदनापुरीचा घाट, पुढं आळेफाटा आणि मग नारायणगाव. या एका रस्त्यावर तमाशातल्या तीन मोठ्या बायांची गावं आहेत. हिवरगावची पवळाबाई, नारायणगावची विठाबाई आणि संगमनेरला स्थायिक झालेली कांताबाई. कांताबाईची गोष्ट कळायची तर आधी पवळाबाईपासून सुरुवात करायला हवी.

पूर्वी तमाशात बाई नव्हती. गवळण असो, राणी असो, नाचणारा पुरुषच असायचा. त्याला नाच्या म्हणत. केस वाढवायचे, लुगडं नेसायचं, पायात चाळ बांधायचे. बाईनं चारचौघांत उभं राहणं त्या काळी कुणाला चालणारं नव्हतं. हिवरगाव पावसाची पवळा ही गरीब महार कुटुंबातली मुलगी. तिला खंडोबाला वाहिलेली होती, म्हणजे ती मुरळी. आवाज गोड आणि अंगात कला. ती तमाशाच्या बोर्डावर उभी राहिली. तमाशात उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून तिचं नाव घेतात. पुढं सांगली जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी, म्हणजेच शाहीर पठ्ठे बापूराव, तिच्याबरोबर आले. ब्राह्मणाचा मुलगा तमाशात आणि तेही महाराच्या मुलीबरोबर, म्हणून समाजानं केवढा गहजब केला. पण दोघांच्या तमाशानं महाराष्ट्र वेडा केला. लोक बापूरावांच्या लावण्या जितक्या लक्षात ठेवून होते, तितकंच पवळाचं नाव. बापूराव लिहायचे, पण ते शब्द लोकांपर्यंत जायचे ते पवळाच्या गळ्यातून आणि पायातून.

पवळाबाईचं ३९ साली निधन झालं. योगायोग बघा, १९३९ हेच कांताबाईच्या जन्माचं साल.

कांताबाईचा जन्म गुजरातमधल्या टिंबा गावचा. आई-वडील तिथं दगडाच्या खाणीवर मजुरीला गेले होते. पोटासाठी गाव सोडलेल्या माणसांची ती लेक. ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणारी कुटुंबं आपण दरसाल बघतो, त्यांच्या कोपीत जन्मलेली पोर डोळ्यांपुढं आणा, म्हणजे कांताबाईचं बालपण कळेल. पुढं कुटुंब साताऱ्याला आलं. तेव्हा गणपतीत मेळे असायचे. मुलं-मुली गाणी म्हणायची, नाच करायची, छोटी नाटकं करायची. अशाच मेळ्यात ही पोर लहानपणी उभी राहिली. शाळा म्हणाल तर तीच. तिथंच पाठांतर झालं, ताल कळला, आणि माणसांच्या गर्दीची भीती गेली.

साताऱ्याहून ती मुंबईला गेली. मुंबईत लालबाग-परळला गिरण्या होत्या. आपल्या घाटावरची, कोकणातली हजारो माणसं तिथं राबायची, आणि गावाची आठवण आली की तमाशाला जायची. त्या वेळी तमाशावर सरकारची करडी नजर होती. स्वातंत्र्याच्या सुमाराला मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली होती. नंतर ती उठली, पण वग आधी तपासून घ्यायचा आणि मगच खेळ करायचा, अशी अट आली. त्याच काळात लोकनाट्य हा शब्द रुळला. आजही फडाच्या पाटीवर तुम्ही ‘लोकनाट्य तमाशा मंडळ’ असं वाचता.

मुंबईत कांताबाईनं दादू इंदुरीकरांबरोबर काम केलं. ‘गाढवाचं लग्न’ गाजवणारे ते हेच दादू इंदुरीकर. नंतर ती तुकाराम खेडकरांच्या फडात आली. तुकाराम खेडकर म्हणजे तेव्हाचे नावाजलेले कलावंत आणि फडमालक. दोघांची बोर्डावर जोडी जमली आणि पुढं संसारही झाला.

फड म्हणजे काय, हे आपल्यातल्या ज्यांनी आतून बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. तमाशाची सुरुवात गणानं होते, गणपतीला वंदन. मग गौळण येते. तिच्यात मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी असतात, त्यांची मावशी असते, वाट अडवणारा कृष्ण असतो, आणि मावशीचं काम अजूनही पुरुषच करतो. नंतर बतावणी, रंगबाजी, आणि शेवटी वग, म्हणजे पूर्ण नाटक. ते रात्र चढेल तसं चढत जातं. वाद्यं साधीच. ढोलकी, हलगी, झांज आणि तुणतुणं. तुणतुण्याला एकच तार असते. लाकडी पिंपासारखा लहान डबा, तळाला कातडं, बाजूला काठी आणि काठीच्या टोकाला तार ताणायची खुंटी. ते वाजवणारा मागं उभा असतो. लोकांचं त्याच्याकडं लक्ष जात नाही. पण पुढं उभी असलेली बाई रात्रभर त्या एका तारेच्या आधारानं गाते. तार उतरली की गाणं उतरलं.

फड चालवणं हा मोठा व्यवहार आहे. मोठ्या तंबूच्या फडात शंभराच्या वर माणसं असतात. नाचणाऱ्या, गाणारे, वाजवणारे, सोंगाडे, तंबू ठोकणारे, गाड्या चालवणारे, भाकरी करणाऱ्या बाया. हंगाम दसऱ्याच्या सुमाराला सुरू होतो आणि चैत्र-वैशाखातल्या जत्रांपर्यंत चालतो. पावसाळ्यात काम बंद. हंगामाआधी प्रत्येक कलावंताला उचल द्यावी लागते. उचल हा शब्द आपल्याला ऊसतोडीवरून चांगला ठाऊक आहे. ती उचल द्यायला मालक सावकाराकडून पैसा घेतो. मग तिकिटं खपली, सुपाऱ्या मिळाल्या तर कर्ज फिटतं. अवकाळी आला, पीक गेलं, की जत्रेला गर्दी नाही. मग कर्ज पुढच्या सालावर. बचत गटाचं कर्ज आणि हप्ते सांभाळणाऱ्या तुम्हा बायांना हे गणित समजायला वेळ लागणार नाही. फरक एवढाच, की इथं एका माणसाच्या सहीवर शंभर पोटं अवलंबून.

१९६४ साली तुकाराम खेडकर गेले. कांताबाईचं वय पंचविशीचं. पदरात लहान लेकरं. डोक्यावर छप्पर म्हणाल तर तंबूचं.

अशा वेळी बाईसमोर कोणत्या वाटा असतात, ते आपण सगळ्या जाणतो. कुणाच्या तरी आश्रयाला जायचं, नाहीतर मजुरीला. कांताबाई दुसऱ्यांच्या फडांत कामाला गेली. मिळेल तिथं नाचली, गायली, वगात उभी राहिली, लेकरं सांभाळली. आणि काही वर्षांत, साठचं दशक संपता संपता, तिनं स्वतःचा फड उभा केला. फडाचं नाव ठेवलं, तुकाराम खेडकर सह कांताबाई सातारकर लोकनाट्य तमाशा मंडळ.

या नावाकडं जरा बघा. आधी नवऱ्याचं नाव आहे. तो माणूस हयात नव्हता, पण लोक त्याला ओळखत होते, त्याच्या नावावर तिकीट खपत होतं. मग ‘सह’, आणि मग तिचं स्वतःचं नाव. आणि ते खेडकर नाही, सातारकर. तमाशात ही रीत आहे. हिवरगावकर, नारायणगावकर, सातारकर. बाईच्या नावापुढं बापाचं नाही, नवऱ्याचं नाही, गावाचं नाव लागतं. गावानं तिला घरात घेतली नसेल, पंगतीत बसवली नसेल, पण ती गावाचं नाव राज्यभर घेऊन फिरते.

कांताबाई मालकीण म्हणून तंबूच्या आत नुसती बसून राहिली नाही. ती बोर्डावर राहिली. पौराणिक वग केले, ऐतिहासिक केले, सामाजिक केले. ‘महाराणी येसूबाई’ केला, ‘हरिश्चंद्र तारामती’ केला, आणि पुढाऱ्यांना चिमटे काढणारा ‘असे पुढारी आमचे वैरी’ही केला. तिनं पुरुषांची कामंसुद्धा केली. छत्रपती शिवाजी महाराज तिनं बोर्डावर उभे केले. जिथं एके काळी बाईचं कामही पुरुषानंच करायचं, त्याच बोर्डावर पन्नास-साठ वर्षांनी एक बाई महाराज होऊन उभी राहिली, आणि समोरचा समाज तिला मान देऊन बघत राहिला. पवळाबाईनं जे दार उघडलं होतं, त्यातून कांताबाई इतकी आत आली.

अशी कहाणी फक्त आपल्याकडंच घडते असं नाही. दूर अमेरिकेत डोंगराळ व्हर्जिनिया राज्यात खेड्यापाड्यांतली गाणी असतात. शेत, देव, मरण, विरह, आपल्या ओव्यांत असतं तेच सगळं. त्या गाण्यांना तिकडं कंट्री म्हणतात, म्हणजे खेड्याचं संगीत, आणि त्यांचं मुख्य वाद्य गिटार. तिथं मेबेल कार्टर नावाची बाई होऊन गेली. १९०९ चा जन्म. १९२७ च्या ऑगस्टमध्ये ती दीर-जावेबरोबर ब्रिस्टल गावी गाणी रेकॉर्ड करायला गेली, तेव्हा अठरा वर्षांची होती आणि पोटात सात महिन्यांचं बाळ होतं. आत्तापर्यंत गिटार गाण्याच्या मागं नुसती ठेका धरायला असायची. मेबेल जाड तारांवर अंगठ्यानं चाल वाजवायची आणि त्याच वेळी बाकीच्या बोटांनी ठेका. एकाच वाद्यात दोन माणसांचं काम. स्वयंपाक करता करता पायानं पाळणा हलवणाऱ्या बाईला यात नवल वाटणार नाही. तिची ही पद्धत पुढं कितीतरी गिटारवाल्यांनी उचलली.

१९४३ ला तिचा जुना ताफा मोडला. मेबेलनं आपल्या तीन मुलींना घेऊन नवा उभा केला. हेलन, जून आणि अनिता. लोक तिला मदर मेबेल म्हणू लागले, म्हणजे मेबेल आई, आणि ताफ्याच्या नावातही तेच आलं. पुढं खेड्याच्या गाण्यांचे दिवस मंदावले तेव्हा तिनं रुग्णालयात मदतनीस म्हणून काम केलं. नंतर पुन्हा तिला मान मिळाला. १९७८ ला ती गेली. कांताबाई आणि मेबेल कधी भेटल्या नाहीत, एकमेकींचं नावही त्यांनी ऐकलं नसेल. पण दोघींनी मोडलेला मांडव पुन्हा उभा केला तो लेकरांना हाताशी धरून.

कांताबाईचीही मुलं फडात वाढली. मुलगा रघुवीर सोंगाड्या म्हणून गाजला, मुलीही बोर्डावर उभ्या राहिल्या. पुढं फडाचं नाव झालं, रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर. आधी नवऱ्याबरोबर होतं, आता मुलाबरोबर. दोन्ही वेळा ‘सह’च्या पुढचं नाव तेच राहिलं.

आता नारायणगावच्या विठाबाईबद्दल बोलल्याशिवाय ही गोष्ट पुरी होणार नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. १९३५ ला पंढरपुरात जन्मल्या, भाऊ-बापूंच्या नामांकित फडाच्या घरात. त्यांचं नऊ महिने भरलेलं असताना खेळ चालू होता. कळा आल्या, त्या मागं गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ ठेचली, आणि पुन्हा बोर्डावर जायला निघाल्या, अशी हकीकत सगळा महाराष्ट्र सांगतो. १९५७ आणि १९९० अशा दोन वेळा त्यांना राष्ट्रपतींकडून सन्मान मिळाला. आणि अखेरच्या दिवसांत औषधपाण्याला पैसे नव्हते. १५ जानेवारी २००२ ला त्या गेल्या. त्यानंतर राज्य सरकारनं त्यांच्या नावानं तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. त्याच्या पहिल्या मानकरी कांताबाई सातारकर.

मला हा पुरस्कार ऐकताना आनंद होतो आणि चुटपुटही लागते. मेल्यावर नाव द्यायचं आणि जिवंतपणी औषधाला पैसा नाही, हे आपण कलावंताच्या बाबतीत फार वेळा केलं आहे. पदक भिंतीवर राहतं, पण दुकानदार त्याच्यावर किराणा देत नाही. कांताबाईची जमेची बाजू हीच, की तिच्यापाशी नुसती कला नव्हती, फडही होता. माणसं, गाड्या, तंबू, मुलांच्या हाती चालू असलेला धंदा. तरीही तो फड किती नाजूक असतो, ते २०२० नं दाखवलं.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. नेमकी जत्रांच्या तोंडावर. पाडव्याला नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येतात, सुपाऱ्या ठरतात. ते सगळं थांबलं. उचल देऊन झालेली, कर्ज अंगावर, आणि जत्राच नाहीत. पुढच्या सालीही तेच. नाचणाऱ्या पोरी, ढोलकीवाले, आचारी कुणी भाजी विकायला बसले, कुणी मजुरीला गेले. आणि त्याच दुसऱ्या लाटेत, २५ मे २०२१ ला, संगमनेरला कांताबाई कोरोनानं गेली. वय ८२. जिच्या खेळाला हजारो माणसं जमायची, ती गेली तेव्हा माणसांनी जमायचं नाही असा नियम होता.

मैत्रिणींनो, ही गोष्ट मी आज का सांगितली? नावासाठी. आपल्याकडं बाई जन्मभर शेतात राबते आणि सातबाऱ्यावर तिचं नाव नसतं. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली तेव्हा हजारो घरांत बायकोचं नाव पहिल्यांदा जमिनीवर लागलं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर राज्यात आईचं नाव लावणं सक्तीचं झालं आहे, वडिलांच्या नावाच्या आधी. या गोष्टी कायद्यानं आणि चळवळीनं व्हायला इतकी वर्षं गेली. पण पन्नास वर्षांपूर्वी, तुम्ही-आम्ही जिला नावं ठेवली त्या तमाशातल्या बाईनं, गावोगावच्या तंबूच्या दारावर मोठ्या अक्षरात आपलं नाव लावलं होतं. आणि त्या नावाखालचं कर्ज, माणसं आणि जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेतली होती. नाव लावायचं ते असं.

तेव्हा दोन-तीन गोष्टी आपल्या गटांनी मनावर घ्याव्यात, अशी माझी विनंती आहे. गावात जत्रेची बैठक होते, तमाशाची सुपारी ठरते, तेव्हा तिथं बहुतेक पुरुषच असतात. या साली गटातल्या दोघी-चौघी त्या बैठकीत जाऊन बसा. फडाबरोबर तीस-चाळीस बाया-मुली येणार असतात. त्यांना कपडे बदलायला आडोसा आहे का, संडास आहे का, प्यायचं पाणी आहे का, रात्री तंबूपाशी उजेड आहे का, एवढं विचारा. ज्या सोयी आपल्याला आपल्या लेकीसाठी हव्यात, त्याच. दुसरं, आपल्या आसपास एखादी वय झालेली कलावंतीण असेल, लावणी गाणारी, भारूड करणारी, वाघ्या-मुरळी, गोंधळी घरातली, तर तिला सांगा की ज्येष्ठ कलावंतांसाठी राज्य सरकारची मानधनाची योजना आहे. पंचायत समितीत जाऊन चौकशी करायची, कागद गोळा करायचे, हे काम एकटीला अवघड जातं, पण गटाला जमतं. आणि तिसरं, तिची गाणी मोबाईलमध्ये भरून ठेवा. आवाज गेला की परत येत नाही.

आणि पुढच्या जत्रेत तंबू पडला, पहिल्या गणाला तुणतुण्याची तार वाजू लागली, तर घरात पडून ऐकू नका. गटानं मिळून जा. पुढं जागा धरून बसा आणि वग पुरा बघा.

आज इथंच थांबते. तुमच्या गावात कुणा बाईचं नाव फडाला, भजनी मंडळाला, बँड पथकाला लागलं असेल, तर आम्हाला जरूर कळवा. पुढच्या वेळी तिची गोष्ट सांगू. नमस्कार.